‘शोले’चा कायमचा संच निघालाच, तर त्यात काय असायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी ‘शोले’च्या तीन डीव्हीडी आहेत, तिन्हींची लांबी वेगळी. एकीत ठाकूर गब्बरला ठार मारतो, उरलेल्या दोन्हींत ऐनवेळी पोलीस येतात. डिसेंबर 2025 मध्ये तुम्ही थिएटरात नवी 4के प्रत पाहिली. आता तिची डिस्क निघाली तर ‘बास, यापुढे शोले विकत घ्यायचा नाही’ असं म्हणता यावं म्हणून तिच्यात काय काय असायला हवं?

मी मुंबईत जुन्या सिनेमांचं स्कॅनिंग, ग्रेडिंग (रंग-उजेड जुळवणं) आणि डिस्कसाठी मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढच्या प्रती निघतात ती प्रत, तयार करायचं काम करतो. शोलेच्या रिस्टोरेशनशी माझा संबंध नाही, त्यामुळे आतली बातमी वगैरे काही मिळणार नाही. पण असे संच कुठे फसतात ते रोज बघतो, त्यावरून सांगतो.

तुम्ही वैशिष्ट्यांची यादी मागताय, पण त्याआधीचा प्रश्न आहे की तुम्हाला कोणता शोले हवाय. 15 ऑगस्ट 1975 ला जो लागला तो, की दिग्दर्शकाला लावायचा होता तो? दोन्ही खरे आहेत. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो हा शेवट रमेश सिप्पींनी चित्रित केला होता. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते, निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही आणि शेवट बदलावा लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून केलेली नवी प्रत जून 2025 मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवली. तिच्यात मूळ शेवट आहे आणि गाळलेले दोन प्रसंगही परत आलेत. छानच झालं. पण तुमच्या वडिलांनी मिनर्व्हा थिएटरात पाहिलेला सिनेमा हा नव्हे, हेही तितकंच खरं.

म्हणून माझी पहिली आणि जवळपास एकमेव अट: नव्या संचानं जुनं काही काढून घेता कामा नये. 1975 ची प्रदर्शित आवृत्ती त्याच 4के स्कॅनमधून, त्याच दर्जात हवी. मागच्या एखाद्या डिस्कवर ‘बोनस’ म्हणून कोंबलेली नको. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. दोन आवृत्त्यांत फरक शेवटाचा आणि मोजक्या प्रसंगांचा असेल, तर सीमलेस ब्रांचिंग करता येतं. सुरुवातीला मेन्यूत आवृत्ती निवडायची, समान भाग डिस्कवर एकदाच साठवलेला असतो आणि प्लेअर जिथे वाट फुटते तिथे योग्य तुकड्यावर उडी मारतो. नीट केलं तर जोड कळत नाही.

याची चांगली आणि वाईट, दोन्ही उदाहरणं हॉलीवूडमध्ये आहेत. ‘ब्लेड रनर’चा 2007 चा पाच डिस्कचा संच घ्या. दिग्दर्शकाचा नवा ‘फायनल कट’ तर होताच, शिवाय 1982 च्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही आवृत्त्या, 1992 चा डायरेक्टर्स कट आणि चाचणी खेळासाठी वापरलेली कच्ची वर्कप्रिंटसुद्धा दिली होती. ज्याला जो आवडतो त्यानं तो बघावा. उलट ‘स्टार वॉर्स’. 1997 मध्ये बदललेल्या आवृत्त्या आल्या, त्यानंतर डीव्हीडी, ब्लू-रे, 4के असं करत प्रत्येक वेळी आणखी थोडी डागडुजी होत गेली. मूळ सिनेमे 2006 मध्ये डीव्हीडीवर दिले, पण 1993 च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून, मोठ्या टीव्हीवर चौकटीच्या मधोमध लहानसं चित्र दिसेल असे. चाहत्यांचा संताप बदलांवर कमी आणि या वागणुकीवर जास्त होता. शेवटी लोकांनी जुन्या 35 मिमी प्रिंट मिळवून स्वतःच स्कॅन केल्या. मालक देत नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार?

गाळलेल्या प्रसंगांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, तुम्हाला कदाचित पटणार नाही. शोलेला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. सचिननं केलेल्या अहमदला गब्बर मारतो तो प्रसंग चित्रित झाला होता. सिनेमात तो नाही. सिनेमात गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो आणि पुढे घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. मधलं सगळं तुमच्या डोक्यात घडतं. गाळलेलं ते पाहायची उत्सुकता मलाही आहे, पण वेगळं, अतिरिक्त विभागात. मुख्य सिनेमात घातलं की शिंद्यांनी मारलेली ती उडी जाते. लांब आवृत्ती म्हणजे पूर्ण आवृत्ती, हा समज डिस्क विकणाऱ्यांनी पसरवलाय.

आता चित्र. इथे पहिल्यांदा मानून घ्यायला हवं की सगळं उपलब्ध साहित्यावर अवलंबून असतं. शोलेची मूळ कॅमेरा निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमनं फार खराब झालेली होती. फिल्मचा आधार सडायला लागतो, डबा उघडला की आंबूस वास येतो, फिल्म आकसते, वाकते आणि स्कॅनरमधून सरळ जात नाही. 70 मिमीची एकही प्रिंट शिल्लक नाही. ब्रिटनमधल्या एका गोदामात इंटरपॉझिटिव्ह (निगेटिव्हवरून काढलेली मधली प्रत) आणि डुप्लिकेट सापडले, त्यांच्या आधारावर काम झालं, आणि ते तीनेक वर्षं चाललं. त्यामुळे काही शॉट लख्ख आणि काही किंचित मऊ दिसणार, हे गृहीत धरा. असा फरक दिसला की लोक लगेच ‘रिस्टोरेशन फसलं’ म्हणून ओरडतात. मला उलटी भीती असते. सगळे शॉट एकसारखे गुळगुळीत दिसले तर समजा की कुणीतरी सॉफ्टवेअरनं वरवंटा फिरवलाय.

हे कुठे तपासायचं ते सांगतो. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लावा. गोळी लागते आणि चित्र गोठतं, झोपाळा करकरत असतो. ती गोठलेली चित्रं त्या काळी लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर बनायची, एकच फ्रेम पुन्हा पुन्हा छापून. त्यामुळे तिथे ग्रेनचे, म्हणजे फिल्मवरच्या बारीक कणांचे, दोन थर असतात. मूळ फ्रेमचा ग्रेन चित्राबरोबर गोठलेला, आणि ज्या डुप्लिकेट फिल्मवर ते छापलं तिचा ग्रेन मात्र वळवळत असतो. म्हणून माणूस थांबला तरी पडदा जिवंत वाटतो. ग्रेन दाबणारं सॉफ्टवेअर हा दुसरा थर कचरा समजून पुसतं, आणि मग सिनेमा चालू असताना मध्येच कुणी मोबाइलवरचा फोटो दाखवल्यासारखं होतं. या वीस-तीस सेकंदांत कंपनीनं काय केलंय ते कळतं. ‘प्रिडेटर’ची 2010 ची ब्लू-रे आठवत असेल तर मेणाचे चेहरे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा म्हणजे राधा दिवे मालवते ते प्रसंग. जय खाली माउथऑर्गन वाजवतोय, वर राधा एकेक दिवा कमी करतेय. छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी ते सूर्य मावळल्यावर जो काही मिनिटांचा निळसर उजेड राहतो, त्यात घेतलेत. रोज थोडंथोडं, अनेक दिवस. आता एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतलं अंतर जास्त दाखवणारं तंत्र, हाताशी असलं की ग्रेडिंग करणाऱ्याला मोह होतो. दिव्याची ज्योत झगझगीत करू, सावलीतला चेहरा थोडा वर काढू. असं केलं की संध्याकाळ जाते आणि ट्यूबलाइट लावलेला वाडा उरतो. चांगल्या एचडीआरमध्ये तुम्हाला एचडीआर आहे हे जाणवूही नये. ज्योत डोळ्यांत भरली पाहिजे, टोचली नाही पाहिजे.

रंगांच्या बाबतीत मी कुणालाच फार ठासून बोलू देत नाही. त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रिंट आज गुलाबी पडल्यात. ‘मूळ रंग असा होता’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एखाद्या डीव्हीडीचा रंग आठवत असतो. दिग्दर्शक हयात आहे ही मोठी सोय, पण तीही बिनधोक नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या 2009 च्या ब्लू-रेसाठी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननी स्वतः रंग फिके, धुरकट करून घेतले. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन जाहीरपणे चिडले, आणि 2012 मध्ये त्याच सिनेमाची वेगळ्या रंगांची डिस्क काढावी लागली. दिग्दर्शकानं मान्यता दिली आहे, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कशाशी ताडून पाहिलं, तेही हवं.

चौकटीचं प्रमाण हा तर भांडणाचा विषय होणारच. शोले 35 मिमीवर, जुन्या 4:3 चौकटीत चित्रित झाला आणि नंतर 70 मिमीसाठी 2.2:1 असा रुंद केला. म्हणजे वरचं-खालचं चित्र कापून. त्यामुळे कुणाकडे जुनी चौकोनी कॅसेट असेल तर तिच्यात काही ठिकाणी जास्त आभाळ, जास्त जमीन दिसू शकते, आणि तो म्हणणार की नव्या डिस्कमध्ये चित्र कापलंय! कापलंय, पण 1975 मध्येच आणि मुद्दाम. मला 2.2:1 हवं. ज्यात खरी चूक होते ते वेगळंच: टीव्ही भरून दिसावा म्हणून ते पुन्हा दोन्ही बाजूंनी छाटून 16:9 करणं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या हिंदी-मराठी सिनेमांचे मास्टर असे छाटलेले आहेत, वर कोपऱ्यात कंपनीचा लोगो कायमचा चिकटवलेला.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि खरेदी करणारे सगळ्यात कमी. शोलेच्या बाबतीत तर आवाज आधी यायला हवा. पॉलिडॉरनं संवादांच्या तबकड्या काढल्या आणि त्या गणपतीत, लग्नात, पानाच्या गादीवर वाजल्या. एक अख्खी पिढी हा सिनेमा कानानं शिकली. नाणं उडाल्यावर किती वेळानं तळव्यात पडतं, खडकावर पट्टा घासत जातो त्याचा खरखराट कसा, ‘कितने आदमी थे’ नंतर किती थांबायचं, हे त्या लोकांना पाठ आहे. अर्ध्या सेकंदाचा फरक त्यांना चालत नाही.

आणि नेमकी इथेच ढवळाढवळ होते. जुन्या ध्वनिमिश्रणाचं 5.1 (चहूबाजूंनी येणारा सहा वाहिन्यांचा आवाज) करायचं म्हणून नव्या ध्वनिसंग्रहातले बंदुकीचे बार आणि टापांचे आवाज वर चढवले जातात. मग संवाद 1975 चे आणि गोळी परवाची. रेल्वेवरचा हल्ला घ्या, मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झालेला. इंजिनाचा धबडगा, घोडे, गोळ्या आणि आर. डी. बर्मनचं पार्श्वसंगीत यांची तिथे एक ठरलेली दाटी आहे. त्यातला एक आवाज स्वच्छ, टोकदार केला की बाकीचे पातळ वाटायला लागतात. म्हणून डिस्कवर दोन मूळ ट्रॅक हवेत. 70 मिमीसाठी केलेलं स्टिरिओफोनिक मिश्रण, जेवढं वाचलं असेल तेवढ्यावरून. आणि 35 मिमी प्रिंटचा मोनो, कारण तालुक्याच्या गावात, तंबूत ज्यांनी शोले पाहिला त्यांनी मोनोच ऐकला. दोन्ही बिनतोटा स्वरूपात, म्हणजे लॉसलेस. त्यावर नवं ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) वगैरे द्यायचं असेल तर खुशाल द्या, मी तक्रार करणार नाही.

तुमच्या तीन डीव्हीडींच्या लांबीचं कोडंही इथेच थोडं सुटेल. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनं चालतो. युरोपसाठीच्या पाल या टीव्ही-पद्धतीत तो 25 नं पळवतात. 204 मिनिटांचा सिनेमा अशानं सुमारे 196 मिनिटांत संपतो, एकही फ्रेम न कापता. आवाजाची पट्टीही चढते, साधारण पाऊण सेमीटोननं, आणि गब्बर थोडा किनरा हसतो. तेव्हा मागच्या वेष्टनावर पाल की एनटीएससी (अमेरिकी पद्धत) लिहिलंय ते बघा, मग मिनिटं मोजा. तरीही फरक उरला तर तो कात्रीचा. एवढं होईपर्यंत एकही डीव्हीडी विकू नका. ज्या दोन डिस्कवर पोलीस येतात तो शेवट आहे, त्या पुढे कदाचित तुमच्याकडच्या सगळ्यात उपयोगी डिस्क ठरतील.

आपल्या सिनेमांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी मला हव्या असतात, परदेशी कंपन्यांना त्या सुचतही नाहीत. सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र आणि मध्यंतराची पाटी. प्रमाणपत्रावर तारीख आणि रिळांची संख्या असते, म्हणजे तो दाखला आहे. आणि मध्यंतराची जागा पटकथेतच ठरवलेली असते. तिथे सिनेमा सपाट पुढे गेला तर पाऊल हुकल्यासारखं होतं. शिवाय डिस्क बदलायला याहून चांगली जागा नाही. साडेतीन तासांच्या आसपासचा ग्रेनवाला सिनेमा 66 जीबीच्या एका डिस्कवर बसवला तर सेकंदाला सरासरी चाळीसेक मेगाबिट मिळतात, त्यात आवाजही आला. धूळ, धूर, घोडे असले की तेवढ्यात भागत नाही, धुरात चौकोन दिसायला लागतात. एक तर 100 जीबीची डिस्क घ्या, नाहीतर मध्यंतराला दोन भाग करा. उठून डिस्क बदलायला माझी हरकत नाही, एवीतेवी चहा टाकायला उठतोच.

सबटायटल गाण्यांचेही हवेत. हे लिहावं लागतं यातच सगळं आलं. परदेशात वाढलेली आपली मुलं संवाद वाचतात आणि गाणं लागलं की पडदा कोरा. श्रवणदोष असलेल्यांसाठी हिंदीतली मथळापट्टीही हवी.

अतिरिक्त साहित्यात मला मुलाखतींचा ढीग नको, जयंतीला रेकॉर्ड केलेल्या कौतुकाच्या तर नकोच. हवी आहे ती एक बऱ्यापैकी जाड पुस्तिका, आणि तिच्यात कुठलं रीळ कशावरून घेतलं याचा प्रामाणिक हिशेब. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या लॅबला लागलेल्या आगीत जळाल्या. जुने सिनेमे डिस्कवर काढणारी अमेरिकी कंपनी क्रायटेरियन आणि ॲकॅडमी फिल्म अर्काइव्ह यांनी त्या होरपळलेल्या फिल्मवर बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम करून घेतलं आणि 2015 मध्ये सिनेमे परत आले. त्यांनी उघड सांगितलं की ‘पथेर पांचाली’चा सुमारे 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून घेता आला, बाकी इतरत्रच्या प्रतींवरून. एवढं कळलं की एखादा शॉट मऊ दिसला तरी माणूस समजून घेतो. शोलेच्या संचात असा तक्ता असेल तर अर्ध्या तक्रारी निघणारच नाहीत. त्याखेरीज ध्वनिमुद्रित झालेली पण कधीच चित्रित न झालेली कव्वाली, जुने ट्रेलर, एखादी जाणकार समालोचनाची पट्टी. पुरे.

हे सगळं मिळेल का? हक्क कुणाकडे, किती देशांत विकायचं, किती प्रती खपतील यावर ते अवलंबून आहे. भारतात डिस्कचं दुकान म्हणावं असं आता फारसं उरलेलं नाही, त्यामुळे असा संच निघालाच तर बाहेरच्या कंपनीकडून निघण्याची शक्यता जास्त. 4के डिस्कला रीजन (ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन) नसतो, पण सोबत साधी ब्लू-रे असेल तर तिला असू शकतो. आपला रीजन सी, ब्रिटनचा बी, अमेरिकेचा ए. एखादी गोष्ट सोडावीच लागली तर मी आधी ॲटमॉस सोडेन, मग डबा आणि पोस्टकार्डं, मग मुलाखती. 1975 चा शेवट, मूळ मिश्रण आणि ग्रेन मात्र नाही.

आणि आगाऊ नोंदणीची घाई करू नका. बाहेर पडून महिनाभर होऊ द्या. लोक फ्रेमचे फोटो टाकतात, आवाज ताडून बघतात, एखादी डिस्क चुकीची छापली गेली असेल तर बदलून मिळण्याची घोषणा होते. तोवर तुमच्या तिन्ही डीव्हीडींच्या मागच्या बाजूचा मजकूर इथे टाइप करून टाका, कुठली कशावरून आली असावी ते बघून सांगतो.